शेवटचं टीटी कधी घेतलं?

संपादक महोदय,

मी सुतारकाम करतो. पटाशी निसटते, खिळा पायात घुसतो. आमच्यात नियम एकच: लोखंड लागलं की टीटी, म्हणजे धनुर्वाताची लस, टोचून घ्यायचं. हा नियम पाळत सहा वर्षांत मी चार वेळा दंड पुढे केला. चौथ्या खेपेला हात खांद्यापासून कोपरापर्यंत सुजला, तीन दिवस रंधा धरता येईना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘याआधी कधी घेतलं होतं?’ मला आठवेना.

एरवी हात एक-दोन दिवस ठणकतो, थोडी कणकण येते, एवढंच. पण आधीच्या लसीने तयार झालेली, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं रक्तात भरपूर असताना पुन्हा टोचलं, तर अशी दांडगी सूज येऊ शकते, असं त्या म्हणाल्या. लहानपणचे डोस पूर्ण असतील, तर स्वच्छ, किरकोळ जखमेला शेवटच्या डोसनंतर १० वर्षं लस लागत नाही. खोल किंवा मातीने भरलेल्या जखमेला ही मुदत ५ वर्षांची. आणि गंज बिचारा निर्दोष! धनुर्वाताचे जंतू मातीत, शेणात असतात, आणि हवा न पोचणाऱ्या खोल जखमेत वाढतात. म्हणून जखम आधी साबण-पाण्याने धुवायची. आम्ही तिला चिंधी गुंडाळून थेट सुईकडे धावायचो.

माझ्या बायकोची तऱ्हा उलटी. रोज कुंड्यांतली माती हाताने उकरते, गुलाबाचे काटे बोटात मोडतात. पण ‘लोखंड कुठे लागलंय?’ म्हणत धाकट्याच्या वेळेनंतर तिने एकही डोस घेतला नव्हता. धाकटा आता २२ वर्षांचा आहे. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे माझ्या चार सुयांचा तिला काडीचा उपयोग नाही. इतकंच काय, धनुर्वातातून वाचलेल्यालाही लस घ्यावीच लागते. रोग होऊनही प्रतिकारशक्ती येत नाही. ज्याने कधीच लस घेतली नाही, त्याला घाणेरड्या जखमेच्या दिवशी नुसतं टीटी पुरत नाही, तयार प्रतिपिंडांचं वेगळं इंजेक्शनही द्यावं लागतं.

बाळाला लसीकरणाचं कार्ड मिळतं. मोठ्या माणसाच्या हाती फक्त कापसाचा बोळा. दवाखान्यांनी तारखेची एक चिठ्ठी दिली तरी पुष्कळ. तोवर मी हत्यारांच्या पेटीच्या झाकणाला आतून पेन्सिलीने दोन तारखा लिहून ठेवल्या आहेत, एक माझी, एक तिची.

– एक सुतार