चीजचा मान गोडाच्या आधी, सूपच्या शेजारी नव्हे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

सांगली-मिरजेकडच्या स्वागत समारंभांच्या मेनूकार्डांवर हल्ली ‘फ्रेंच चीज प्लॅटर’ हे शब्द दिसू लागले आहेत. प्रत्यक्षात ते टेबल असते सूपच्या शेजारी. त्यावर प्रोसेस्ड चीजचे चौकोनी तुकडे, टूथपिकला टोचलेली चेरी नि अननस आणि कडेला खाऱ्या बिस्किटांचा ढीग. खायला वाईट नाही, पण त्यात फ्रेंच काहीच नाही. केटरिंगवाल्यांनी आणि हौशी यजमानांनी पैसे खर्च करायचेच ठरवले असेल, तर रीत समजून करावेत म्हणून हे पत्र.

फ्रान्समध्ये मुख्य पदार्थ संपतो, बहुधा हिरव्या पानांचे सॅलड येऊन जाते, मग चीज येते आणि त्यानंतर गोड. इंग्रजांकडे चीज गोडानंतर असते; आपल्या हॉटेलांत या दोन्ही पद्धतींची खिचडी झालेली दिसते. पंगतीत ताकभात पहिल्याच वाढीला आला तर जे होईल, तेच सूपशेजारच्या चीजचे होते. मीठ आणि चरबी जिभेवर बसते, भूक मरते आणि पुढचे जेवण फिके लागते.

दुसरी गोष्ट आपल्याला जड जाणारी आहे. आपल्याकडे आग्रह हा पाहुणचार. तिथे चीजचा आग्रह गैर मानतात. औपचारिक जेवणात चीजचा फळा, म्हणजे चीज मांडलेली लाकडी फळी, टेबलावरून एकदाच फिरतो. पाहुण्याने दोन-तीन प्रकार घ्यायचे, पुन्हा मागायचे नाही आणि यजमानाने पुन्हा पुढे करायचे नाही. कारण चीज दुसऱ्यांदा घेणे म्हणजे मुख्य जेवणात पोट भरले नाही, असे सुचवणे. नको असेल तर सरळ नको म्हणता येते, त्यात कुणाचा अपमान होत नाही.

खरी गंमत कापण्यात आहे, आणि चुकाही तिथेच होतात. नियम एकच: प्रत्येकाच्या वाट्याला सालीपासून गाभ्यापर्यंतचा भाग यावा. ब्री या मऊ चीजवरची पांढरी बुरशी बाहेरून आत चीज पिकवत नेते, म्हणून सालीजवळची चव आणि गाभ्याची चव वेगळी असते. ब्रीच्या त्रिकोणाचे टोक म्हणजे चाकासारख्या अख्ख्या चीजचा मध्य, सगळ्यांत मानाचा भाग. ते टोक आडवे छाटून आपल्या ताटलीत घेणे म्हणजे ‘नाक कापणे’. ही चूक फ्रेंच माणूस विसरत नाही. सुरी टोकापासून सालीकडे, लांब बाजूला धरून चालवायची. कामाँबेरसारखे लहान गोल चीज केकसारखे मध्यातून फोडी करून कापतात. कोंते हे कडक चीज आतल्या टोकाकडून सालीला समांतर कापत यायचे आणि अर्ध्यावर आल्यावर सुरी फिरवून सालीला काटकोनात कापायचे, नाहीतर शेवटच्या माणसाला नुसती साल मिळते. रोकफोर या निळ्या चीजची बुरशी मध्याकडे दाट असते, म्हणून पातळ कडेच्या मध्यापासून पंख्यासारखे काप काढतात. साँत-मोर हे शेळीच्या दुधाचे लांबट चीज. त्याच्या आरपार राय नावाच्या धान्याची एक काडी असते आणि तिच्यावर उत्पादकाची खूण कोरलेली असते. काडी आधी ओढून काढावी, मग गोल चकत्या पाडाव्यात. निळ्या चीजला सुरी वेगळीच हवी, कारण त्याची चव नि बुरशी दोन्ही इतरांवर चढतात.

काटा लागत नाही. पावाचा एक घासभर तुकडा मोडायचा, त्यावर चीज ठेवायचे आणि खायचे. लोण्यासारखे फासायचे नाही. आपला लादीपाव गोडसर पडतो, खारी आणि टोस्ट तर नकोच. साखर न घातलेला, कडक सालीचा पाव बेकरीला सांगून करून घ्यावा. शेळीच्या चीजबरोबर कडक भाकरी उत्तम लागते, हे आमचे मत. फ्रेंच माणूस भुवया उंचावेल. निळ्या चीजच्या खारटपणाला गोडाची जोड चालते, तिथे तासगावकडचे बेदाणे हवेत. फक्त गंधकाची धुरी दिलेले पिवळेधमक बेदाणे घेऊ नयेत, तो वास सगळ्या फळ्यावर पसरतो.

आठ माणसांच्या भरपेट जेवणानंतर चार प्रकार मिळून अर्धा किलो पुरते: कडक चीज १८० ग्रॅम, ब्रीच्या जातीचे १५०, शेळीचे १००, निळे ८०. खाताना सौम्यापासून सुरुवात आणि निळे शेवटी. उलट केले तर रोकफोरनंतर ब्री म्हणजे पाण्याचा घोट. प्रोसेस्ड चीजला या फळ्यावर जागा नाही. ते वितळवून, क्षार घालून एकजीव केलेले असते आणि पिकत नाही, त्यामुळे साल नि गाभा हा भेदच उरत नाही.

पुस्तकांत ‘तासभर आधी फ्रिजबाहेर काढा’ असे असते. तो तास तिकडच्या अठरा-वीस अंशांच्या खोलीतला आहे. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तिशीच्या पुढे दुधातली चरबी पाझरू लागते, कोंतेवर तेलाचे थेंब येतात आणि ब्री ताटलीभर वाहते. इथे वीस मिनिटे पुष्कळ झाली, तीही जाळीखाली, पंख्याच्या झोतापासून दूर. झोताने कडा सुकून चामड्यासारख्या होतात. कामाँबेर तयार आहे का, हे अंगठ्याने पाहावे: मध्यभाग कडेइतकाच मऊ लागला पाहिजे. आत खडूसारखा कडक पट्टा लागला तर अजून काही दिवस थांबावे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेल्या चीजला अमोनियाचा उग्र वास येतो. अर्धा तास उघडे ठेवूनही गेला नाही तर ते फेकावे. उरलेले बटर पेपरमध्ये बांधून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवावे. फ्रीझरमध्ये टाकले तर भुगा होतो.

एवढा खर्च नको असेल तर दुसरी, तितकीच अस्सल वाट आहे. लियाँ शहरातल्या साध्या खाणावळींत याच क्रमावर ‘फ्रोमाज ब्लाँ’ देतात. दूध विरजून, छिद्रांच्या साच्यात पाणी निथळू दिलेले हे ताजे चीज आपल्या चक्क्याचे जवळचे नातेवाईक आहे. त्यावर साय किंवा साखर घालतात. किंवा लसूण, कोवळा कांदा, हिरवी पाने, तेल आणि व्हिनेगर घालून तिखटसर करतात. घरचा चक्का, जास्त आंबट न झालेला, असाच देता येईल.

शेवटी एक गंभीर मुद्दा. १९२५ साली कायद्याचे संरक्षण मिळालेले रोकफोर आणि ४०० लिटर दुधातून ४० किलोचे एक चाक होणारे कोंते, ही दोन्ही पारंपरिक चीज जनावराच्या रेनेटने, म्हणजे तान्ह्या कोकराच्या किंवा वासराच्या जठरातल्या, दूध गोठवणाऱ्या द्रव्याने होतात. भारतात सूक्ष्मजीवांपासूनचे रेनेट वापरून ब्री आणि कामाँबेरच्या धर्तीची चीज होतात, त्यांवर हिरवा ठिपका असतो. आपल्याकडच्या समारंभांत निम्मी पंगत शाकाहारी असते. तेव्हा प्रत्येक चीजपुढे नाव, दूध कोणाचे आणि रेनेट कशाचे, हे लिहिलेली लहानशी पाटी ठेवावी. कच्च्या दुधाच्या मऊ चीजपुढे ‘गरोदर स्त्रियांनी टाळावे’ हेही लिहावे. आणि ते टेबल सूपजवळून उचलून आइस्क्रीमच्या अलीकडे मांडावे, एवढीच हॉलवाल्यांना विनंती.

आपले,
हॉटेल व्यवस्थापन शिकवणारे दोन शिक्षक
विश्रामबाग, सांगली