ग्रुपवरच्या काकांना, ‘वरल्या कड्या’बद्दल

काका, नमस्कार.

खरंतर हे तुम्हाला पर्सनलवर पाठवायला हवं होतं, दोनदा लिहिलं पण आणि पुसलं, कारण पर्सनलवर लिहिलं की तुम्ही नेहमीसारखं "त्यात काय ताई, आभार कसले" म्हणणार आणि लगेच खाली एखाद्या कागदाचा फोटो टाकून "हे वाचून बघा" म्हणणार, की विषय संपला. म्हणून उघड लिहितेय. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते, पण आपल्या मोडी वाचनाच्या ग्रुपवरच्या बेचाळीस जणांना कळेलच कोणाबद्दल आहे.

मागच्या वर्षी आजी गेली आणि पावसाच्या आधी गावच्या घराची कौलं उतरवली, तेव्हा माळ्यावर पत्र्याची पेटी निघाली. आत लाल कापडात बांधलेले कागद, चौदा होते, दोन वाळवीने खाल्लेले. सगळे मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या लिपीत. आमच्या घरात मोडी येणारं शेवटचं माणूस म्हणजे पणजोबा, त्यानंतर कोणीच नाही. चुलते म्हणाले जाऊदे, कोणाला वाचता येतंय, पण मला काही ती पेटी सोडवेना. आजी त्या पेटीवर दर दसऱ्याला झेंडूचं फूल ठेवायची, आत काय आहे ते तिलाही माहीत नव्हतं.

मग मी जे सगळे करतात तेच केलं, फेसबुकवर इतिहासाचा एक मोठा ग्रुप आहे, साठ-सत्तर हजार लोकांचा, तिथे एका कागदाचा फोटो टाकला. आता हे सांगायला हवं की मी नेटवर बारा वर्षं आहे पण कुठे लिहीत नाही. वाचते सगळं, अगदी रात्री एकपर्यंत वाचते, पण चार ओळी टाईप करायच्या म्हटलं तरी हात आखडतो. तरी त्यादिवशी धीर केला. मोडी अक्षरांचा चार्ट समोर ठेवून एकेक अक्षर लावत होते, एका ओळीत सुटं ‘छ’ दिसलं आणि मला वाटलं हे छत्रपती असणार, म्हणून मनापासून लिहिलं की आमच्या घरी छत्रपतींचं नाव असलेला कागद सापडलाय, कोणी वाचून देईल का.

पुढे काय झालं ते मी तुम्हाला कधी पूर्ण सांगितलं नाही. दोन-अडीचशे रिप्लाय आले आणि त्यातल्या एकानेही कागद वाचला नव्हता. हसणारे चेहरे, "आता वारसदार पण निघतील", कोणी माझं आडनाव घेऊन बोललं, कोणी दुसऱ्याच कोणाशी तिथे भांडायला लागलं. एकाने स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या ग्रुपवर टाकला. मी तासाभरात पोस्ट काढली, पण तो स्क्रीनशॉट चार दिवसांनी माझ्या ऑफिसातल्या मुलीने मला दाखवला, तिला माहीत नव्हतं ते मीच लिहिलंय. पेटी मी कपाटात वर ठेवून दिली.

आपल्या ग्रुपवर आले ती त्याच मुलीच्या मावशीमुळे. मावशी इंदूरच्या, तुम्ही ओळखताच त्यांना. आल्या आल्या नियमाप्रमाणे एक ओळ लिहिली, "गावी पेटी सापडली आहे, शिकायची इच्छा आहे," आणि मग तीन आठवडे गप्प. कोणी विचारलं नाही का गप्प, कोणी टोकलंही नाही. मी वाचत राहिले. चेन्नईचे दादा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातल्या मोडी कागदांबद्दल सांगत होते, लातूरचे सर शाळा सुटल्यावर रोज एक ओळ टाकायचे, आणि हळूहळू कोण कसं बोलतं, कोणाला कशात गोडी आहे, हे सगळं मला माहीत व्हायला लागलं. साठ हजारांच्या गर्दीत हे कधीच झालं नव्हतं, तिथे बोलणारा दर वेळी नवाच.

आणि एका रविवारी तुमचा मेसेज आला. तो मी जपून ठेवलाय. "पेटीवाल्या ताई, पेटी बरी आहे ना? पावसाळा आहे, कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, दमट होतात. लॅमिनेशन तर अजिबात करू नका, आणि फाटलं असेल तिथे सेलोटेप लावू नका. सुती कापडात बांधून ठेवा, जुन्या दफ्तरांचे रुमाल बांधतात तसे."

काका, तीन आठवड्यांपूर्वी लिहिलेली माझी एक ओळ तुमच्या लक्षात होती. आणि तुम्ही फोटो मागितला नाही, छत्रपती वगैरे काही विचारलं नाही, आधी पेटीची चौकशी केलीत. त्या दिवशी मी स्टुलावर चढून ती पेटी खाली काढली.

फोटो टाकला तेव्हा खाली लिहिलं होतं, "मला काहीच येत नाही, कृपया वाचून द्या." तुम्ही वाचून दिलं नाहीत. "ताई, आधी तुमचं वाचन टाका. जेवढं येईल तेवढं. मग मी माझं टाकतो." मला खरंच घाम फुटला होता. पण टाकलं, आणि त्यात परत तोच ‘छ’, दुसरं काय म्हणून वाचणार, मी ‘छत्रपती?’ असं प्रश्नचिन्ह देऊन लिहिलं आणि फोन पालथा ठेवून स्वयंपाकघरात गेले. परत येऊन बघितलं तर तुम्ही लिहिलेलं होतं: "छ म्हणजे चंद्र. मुसलमानी महिन्याची तारीख लिहिताना आधी छ घालतात. पुढे १२ रजब आहे बघा. मी पहिल्या वर्षी हेच छत्रपती वाचलं होतं, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात एका जाणत्या माणसाने सांगितलं तेव्हा कळलं." बस. एवढंच. ज्या चुकीसाठी अडीचशे लोक तुटून पडले होते ती तुमचीही होऊन गेली होती आणि तुम्ही ते एका ओळीत सांगून पुढच्या शब्दावर गेलात.

आणि मग ती तारीख! ते मला अजून आठवलं की अंगावर काटा येतो. कागदावर ‘सलास सबैन मया व अलफ’ होतं, मी ते नुसतं अक्षरं जुळवून लिहिलं होतं, अर्थ शून्य कळला होता. तुम्ही म्हणालात हे आकडेच आहेत, अरबीतले, सुहूर सनाचे, म्हणजे जुन्या मराठी कागदांत असते त्या कालगणनेचे, सलास तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, करा बेरीज. ११७३. आता इसवी सन काढायला यात ५९९ मिळवायचे, आणि कागद जानेवारी ते मृगाच्या मधला असेल तर ६००. तेव्हा रजब सप्टेंबरच्या अखेरीला लागला होता, म्हणून ५९९, म्हणून १७७२, म्हणजे आमचा कागद ऑक्टोबर १७७२ मधला. लातूरच्या सरांनी लगेच लिहिलं, अहो मग हे लिहिलं तेव्हा माधवराव पेशवे हयात होते, त्यानंतर जेमतेम सव्वा महिन्याने, १८ नोव्हेंबरला थेऊरला ते गेले. आणि मावशी म्हणाल्या पुढच्या ऑगस्टात नारायणरावांचा खून, म्हणजे ते ‘ध’ चा ‘मा’ केल्याची आख्यायिका आहे ना, ती ज्या मोडीतली त्याच काळातली मोडी तुमच्या पेटीत आहे. रात्रीचे साडेअकरा वाजले होते, पाच-सहा माणसं आपापल्या गावी जागी होती, आणि सगळी माझ्या आजीच्या पेटीबद्दल बोलत होती.

पण ज्याच्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट याच्या पुढची आहे.

सातव्या ओळीवर सगळे अडकले. मोडीत शब्द तोडत नाहीत, आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला लटकवून बोरू न उचलता लिहीत जायचं, त्यात ऱ्हस्व-दीर्घ पण एकच, हे आता मला कळतं. तिथे होतं ‘पटीवरलाकडा’ आणि पुढे ‘बिघे ३॥’. चेन्नईच्या दादांनी वाचलं ‘पट्टीवर लाकडा…’, म्हणजे लाकडाबद्दल काहीतरी असावं, पट्टी म्हणजे करही असतो, तेव्हा लाकडावरचा कर असेल. तुम्हालाही तसंच वाटत होतं, पण मग पुढे साडेतीन बिघे कशाला, कर बिघ्यांत कसा मोजणार, म्हणून तुम्ही तिथे प्रश्नचिन्ह टाकून ठेवलंत. आणि खाली लिहिलंत: "इथे माझं ज्ञान संपलं. ताई, हा कागद तुमच्या गावचा आहे. तुम्ही सांगा."

मला आधी वाटलं तुम्ही नुसतं बरं वाटावं म्हणून विचारताय. मी काय सांगणार, तुमची हयात या कागदांत गेलेली. पण मी ती ओळ तोंडाने म्हणून बघितली, दोन-तीनदा, जरा गावाकडच्या चालीवर, आणि एकदम आजीचा आवाज आला. "गुरं वरल्या कड्याला गेली गं." आमचं गाव जावळीच्या बाजूचं, डोंगराच्या पोटातलं, आणि आमच्या रानाच्या वरच्या अंगाला जो तुटलेला कडा आहे त्याला सगळे वरला कडा म्हणतात, सातबाऱ्यावर ते नाव नाही, गुगल मॅपवर नाही, ते फक्त आमच्या माणसांच्या तोंडात आहे. पट्टी, वरला कडा, बिघे साडेतीन. जमिनीची पट्टी होती ती!

मी लिहिलं. हात थरथरत होते, खोटं नाही सांगत. आणि तुम्ही उत्तर दिलंत, "अडीचशे वर्षांनी बरोबर वाचलं गेलं. हे आमच्यापैकी कोणाला जन्मात जमलं नसतं."

मी बरेच दिवस विचार करत होते की मी तिथे तोंड उघडत नव्हते आणि इथे का उघडलं, माणूस तर तेच आहे, भित्रेपणा पण तोच. आधी वाटायचं इथले लोक चांगले आहेत म्हणून. ते तर आहेच, पण चांगली माणसं त्या मोठ्या ग्रुपवरही असणार, मोडीचा चार्ट मला तिथूनच मिळाला, कोणीतरी कष्टाने बनवलेला, त्याचे उपकार आहेतच. फरक मला असा वाटतो की साठ हजारांत माझ्यावाचून कोणाचंच काही अडत नव्हतं, मी बोलले काय नि नाही काय. बेचाळीस जणांत एका ओळीपाशी सगळे थांबले आणि ती ओळ फक्त मला येत होती. नुसतं स्वागत झालं असतं ना काका, तर मी छान म्हणून परत वाचत बसले असते. तुम्ही मला विचारलंत, आणि खरंच माहीत नव्हतं म्हणून विचारलंत, त्यामुळे मला बोलावं लागलं.

त्यानंतर माझं काय काय बदललंय ते तुम्हाला माहीत नाही. सोसायटीतल्या गच्चीवरच्या बागेचा अठरा बायकांचा ग्रुप आहे, त्यात दोन वर्षांत मी एक शब्द लिहिला नव्हता, आता कढीपत्त्याच्या पानांवर काय पडलंय ते विचारते आणि मिरचीचं मला येतं ते सांगते. गावच्या पोरांचा ग्रुप आहे, त्यावर मी शेतांची जुनी नावं विचारायला सुरुवात केली, म्हाताऱ्यांना विचारून पोरं पाठवतात, आत्तापर्यंत एकतीस नावं झालीत. मोठ्या ठिकाणी अजून नाही लिहीत. लिहावंसं पण वाटत नाही, आणि त्याचं आता वाईटही वाटत नाही.

श्रावणात तुमचं डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि तुम्ही तीन आठवडे नव्हता, त्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. एक नवीन मुलगा आला होता, कॉलेजातला, त्याने कागद टाकला आणि खाली, "मला येत नाही, प्लीज कोणीतरी वाचा." दिवसभर कोणीच काही बोललं नाही, सगळे तुमची वाट बघत होते. संध्याकाळी मी लिहिलं, "दादा, आधी तुमचं वाचन टाका, जेवढं येईल तेवढं. मग मी माझं टाकते." आणि त्याने टाकलं काका, अर्धा तास लागला त्याला, त्याने ‘छ’ला काय वाचलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. मी त्याला माझी गोष्ट सांगितली, तुमची पण सांगितली, विचारलं नव्हतं तुम्हाला, चालेल ना?

आता चौदापैकी पाच कागद लागलेत. परवा पाचव्याच्या शेवटी एकटीने, चार्ट न बघता, ‘बहुत काय लिहिणे’ वाचलं. चार अक्षरं पुसट होती तरी लागलं. आधी तुम्हालाच फोटो पाठवणार होते, पण डोळ्यांना ताण नको म्हणून थांबले.

दिवाळीत गावी जातेय. वरल्या कड्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकते, बांधावर उभं राहून, चेन्नईच्या दादांनी मागितलाय. आणि पहिल्या कागदाच्या पाठीवर कोपऱ्यात काहीतरी आहे, आधी डाग वाटला होता, उन्हात धरल्यावर अक्षरं दिसतात, मला ‘मोर्तब सुद’, म्हणजे कागद पुरा झाल्याची शिक्क्याची खूण, वाटतंय पण ‘सुद’ची खात्री नाही. माझं वाचन टाकलंय. डॉक्टरांनी मोबाईल जास्त वेळ बघायची परवानगी दिली की तुमचं टाका.

तुमची,
पेटीवाली ताई