एकाच माणसाला इंग्रजीत ‘दे’ (they) म्हटलं तर बिघडलं कुठे?

मा. संपादक, स. न. वि. वि.

नात सातवीत आहे. तिच्या घटक चाचणीत ‘समबडी हॅज लेफ्ट देअर अम्ब्रेला’ या वाक्यातल्या ‘देअर’वर लाल फुली मारून वर ‘हिज’ लिहिलंय आणि अर्धा गुण कापलाय. छत्री विसरणारा पुरुषच होता हे तपासणाऱ्यांना कुठून कळलं? (आमच्या घरी तरी छत्र्या हरवण्यात बायकांचा हात कोणी धरू शकत नाही!)

माणूस कोण ते ठाऊक नसेल तर एकवचनी ‘दे’ वापरण्याची रीत इंग्रजीत १४व्या शतकापासून आहे. १८व्या शतकात व्याकरणकारांनी नाकं मुरडली आणि पुढे शाळाशाळांतून त्याऐवजी ‘ही’ (he) घोकून घेतला गेला. पंचवटीत आम्हीही तोच घोकला. ‘यू’सुद्धा मुळात अनेकवचनीच. ‘तू’साठीचा जुना ‘दाऊ’ (thou) मागे पडला, ‘यू’ एकट्यालाही लागू झाला, तरी क्रियापद ‘आर’च राहिलं. त्यावर कुणी फुली मारत नाही. आपण नाही का म्हणत, ‘सर आले, ते स्टाफरूममध्ये आहेत’? सर एकटेच असतात.

स्वतःला स्त्री वा पुरुष न मानणाऱ्यांसाठीही आता ‘दे’ वापरतात. मेरियम-वेब्स्टर कोशाने २०१९ मध्ये तो अर्थ नोंदवला आणि ‘दे’ला वर्षाचा शब्द ठरवलं. ते सातवीत शिकवायचं की नववीत, यावर खुशाल वाद घाला. छत्रीचं वाक्य मात्र बरोबर आहे. दिवाळीनंतरच्या चाचणीच्या उत्तरसूचीत ‘हिज’, ‘हर’ आणि ‘देअर’ तिन्ही ग्राह्य धरावेत, एवढीच विनंती.

— एक आजी, इंदिरानगर, नाशिक