कार्डावर गोळी मिळत नाही

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार. पत्र मिळालं. घराला रंग लागला, नात दहावीला बसली, सगळं वाचून बरं वाटलं. शेवटचं वाक्य मात्र गळ्याखाली उतरलं नाही. ‘सरकारी दवाखाने बंद करावेत आणि प्रत्येकाच्या हातात पाच लाखांचं आरोग्य विम्याचं कार्ड द्यावं, विषय संपला’ म्हणे! जन्मभर बँकेत लोकांची कर्जप्रकरणं चाळणीतून काढलीस, आणि सरकारच्या पैशाबद्दल इतका भोळा कसा रे? मी आयुष्यभर तालुका आरोग्य कार्यालयात हिशेब लिहिले. तेव्हा आता निमूट वाच.

कार्डाला माझा विरोध नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात जीवनदायी योजना १९९७ पासून आहे. तिचीच पुढे महात्मा फुले जन आरोग्य योजना झाली. २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत योजना आली आणि २०२३ मध्ये राज्याने आपली योजना सगळ्याच कुटुंबांना लागू करायचं ठरवलं. बायपास, कॅन्सर असल्या दुखण्यांत त्यामुळे कित्येकांची जमीन वाचली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण हे कार्ड पेशंट दाखल झाल्यावर चालतं, आणि तेही यादीतल्या आजाराला. बीपीची रोजची गोळी, शुगरची तपासणी, पोराचा ताप, यांतलं काहीच त्यात बसत नाही. गरिबाच्या घरातून पैसा गळतो तो बहुतेक इथेच, मेडिकलच्या काउंटरवर. हंगाम गेला की गोळी बंद होते. पुढे कधीतरी अर्धांगाचा झटका येतो आणि मग कार्ड कामाला येतं. घाऊक खरेदीत रुपयाच्या आत पडणारी गोळी द्यायची नाही आणि नंतर हॉस्पिटलचं हजारोंचं बिल भरायचं, हा कुठला व्यवहार? तू असलं कर्जप्रकरण पास केलं असतंस का?

दुसरं असं की, कार्ड चालायला जवळपास हॉस्पिटल तर हवं. यादीतली खासगी हॉस्पिटलं शहरात. पाड्यावरच्या बाईची प्रसूती करायला, पोराला डोस द्यायला, क्षयाच्या पेशंटच्या घरी जायला नर्सबाई आणि आशाताईच लागतात. त्यांचं बिल कोणत्या पॅकेजमध्ये लावशील?

आता पैशाचं. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा करणाऱ्या भोर समितीने १९४६ मध्येच सांगून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणाचे उपचार अडता कामा नयेत. पुढे २००४ मध्ये केंद्रातल्या आघाडी सरकारच्या किमान समान कार्यक्रमात राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ ते ३ टक्के आरोग्यावर खर्च करू असं लिहिलं गेलं. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात २०२५ पर्यंत अडीच टक्के असं ठरलं. सरकारच्याच राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे केंद्र आणि राज्यं मिळून २०१४-१५ मध्ये १.१३ टक्के खर्च झाला आणि २०२१-२२ मध्ये १.८४. वाढला, नाही म्हणत नाही. पण ते कोविडचं वर्ष होतं, लशींचा खर्चही त्यातच. याच काळात आरोग्यावरच्या एकूण खर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा जवळपास ६३ टक्क्यांवरून ३९ वर आला असंही तेच लेखे सांगतात. हा आकडा मी जरा हात राखून घेतो. माणूस खर्च परवडत नाही म्हणून घरीच पडून राहिला, तरी हिशेबात खिशातला खर्च कमीच दिसणार ना? त्याच धोरणात राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाचा ८ टक्क्यांहून जास्त वाटा आरोग्याला द्यावा असंही आहे. आपलं एवढं श्रीमंत राज्य त्याच्या बरंच खाली घुटमळतं. याची लाज कुठल्याच पक्षाला वाटलेली मला दिसली नाही.

पण बंड्या, टक्क्यांपेक्षा मला छळलं ते महिन्यांनी. तुझ्या भाषेत सांगतो: लिमिट मंजूर होणं वेगळं आणि खात्यातून उचल मिळणं वेगळं. अंदाजपत्रक मार्चमध्ये पास होतं, पेपरात कोटींचे मथळे येतात. पगाराचा पैसा त्यातल्या त्यात वेळेवर मिळतो. औषधं, दुरुस्ती, गाडीचं डिझेल यांचा निधी वित्त विभागाच्या परिपत्रकांप्रमाणे थोडाथोडा सुटतो. पावसाळ्यात जुलाब, मलेरिया, सर्पदंश यांची रांग लागलेली, आणि आम्ही मागणीपत्रावर स्मरणपत्रं लिहीत बसलेलो. डॉक्टर बिचारा चिठ्ठीवर ‘बाहेरून आणा’ लिहिणार आणि शिव्या खाणार. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदम घबाड! ३१ तारखेच्या आत बिलं कोषागारात पास झाली पाहिजेत, नाहीतर निधी परत. अशा वेळी गावाला काय हवं ते बघून खरेदी होत नाही. पुरवठादाराकडे जे तयार असेल ते येतं. एका मार्चअखेरीला आमच्याकडे खोकल्याच्या औषधाची इतकी खोकी आली की नोंदवह्यांचं कपाट व्हरांड्यात काढावं लागलं. साप चावल्यावरची लस मात्र तेव्हाही नव्हतीच. वर लेखापरीक्षणवाले विचारणार, साठा मुदतबाह्य का झाला!

हे सुधारत नाही असं नाही. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं. तिथे प्रत्येक दवाखान्याला पासबुक असतं, त्यात त्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली. जिल्ह्याच्या गोदामातून लागेल तसं औषध उचलायचं, तेवढी रक्कम वजा. दर बॅचची तपासणी झाल्याशिवाय गोळी गोदामाबाहेर पडत नाही. राजस्थानने २०११ मध्ये मोफत औषध योजना काढली तेव्हा हाच धडा गिरवला. आपण २०१७ मध्ये सगळी खरेदी हाफकिनच्या महामंडळाकडे दिली, आणि काही वर्षांत ती तिथून काढून नवं प्राधिकरण उभं केलं. दर खेपेला नव्याने श्रीगणेशा. मधल्या काळात दवाखान्याने काय वाटायचं?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेही गेले. निर्णय उत्तमच. पुढच्याच ऑक्टोबरात नांदेडच्या सरकारी रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बाळं. तुला आठवत असेल, एका खासदारांनी तिथल्या अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना संडास साफ करायला लावला. टीव्हीवर दिवसभर तेच. औषधांच्या तरतुदीतली किती रक्कम तोवर हाती आली होती आणि किती पदं रिकामी होती, हे कागद मंत्रालयातून मागवायला मात्र कुणी झाडू उचलला नाही.

तुझा मेहुणा यंदा जिल्हा परिषदेवर निवडून आलाय ना? त्याला नव्या रुग्णवाहिकेसमोर फोटो काढू दे, हरकत नाही. पण पुढच्या सभेत त्याने औषधखरेदीचं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातलं त्या खर्चाचं खातं, घेऊन तीनच रकाने मागावेत: तरतूद किती, हाती किती आली आणि कोणत्या महिन्यात, खर्च किती झाला. ‘माहिती घेऊन सांगतो’ असं उत्तर आलं तर पुढच्या सभेत परत विचारायचं. आकडे मिळाले की माझ्याकडे पाठव, वाचायचे कसे ते मी त्याला फोनवर समजावतो.

वहिनींना नमस्कार, नातीला आशीर्वाद. आणि तुझी बीपीची गोळी चुकवू नकोस, कार्ड असलं तरी.

तुझा,
नाना