वकीलबाईंस, जुन्या खटल्यासंबंधी

प्रिय वकीलबाई,

तुझे निरोप पोचले होते, वाचलेही होते. रविवारी निवांत लिहू म्हणता म्हणता सगळे रविवार उत्तरपत्रिकांनी खाल्ले. काय शिव्या द्यायच्या त्या देऊन घे, मी थांबते. प्रकृती ठीक. गुडघा कुरकुरतो, मी लक्ष देत नाही.

आता मुद्दा. आपला खटला पुन्हा उभा राहिलाय, आणि यात माझा काडीचाही हात नाही. नववीच्या वर्गात परावर्तनाचे नियम फळ्यावर लिहून मी डस्टर शोधत होते, तेवढ्यात खिडकीजवळच्या मुलीनं विचारलं, "बाई, आरशात डावं-उजवं उलटं होतं, मग वर-खाली का होत नाही?" अगं, शब्दसुद्धा तेच! मला हसू फुटलं, आणि का हसतेय हे वर्गाला सांगायची काही सोय नव्हती. लंबू असती तर तिला कळलं असतं. आता उरलो आपण दोघी.

घंटा झाली, म्हणून मी म्हटलं, उद्या बोलू. दुसऱ्या दिवशी ती फोनवर शोधून उत्तर घेऊनच आली. सुवाच्य अक्षरात, खाली रेघ मारून. आरसा डावं-उजवं उलटवतच नाही, तो पुढचं-मागचं उलटवतो. उत्तरेकडे तोंड करून आरशासमोर उभे राहा. डोकं वरच राहतं, पूर्वेचा हात पूर्वेलाच राहतो, फक्त नाक दक्षिणेकडे रोखलेलं दिसतं. आपण मनातल्या मनात वळसा घालून आरशामागे जाऊन उभे राहतो, म्हणून डावं-उजवं उलटल्यासारखं वाटतं. एक शब्द इकडचा तिकडे करायला जागा नव्हती. वर्गानं ऐकून घेतलं, पुढच्या बाकांवरच्यांनी उतरवून घेतलं, एकानं "परीक्षेला येणार का?" विचारलं, आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो.

तेव्हापासून मला चैन नाही.

मी फोनला बोटं मोडतेय असं समजू नकोस. ते रडगाणं आमच्या स्टाफरूममध्ये रोज चालतं आणि मला त्याचा कंटाळा आहे. उत्तर बरोबर होतं, मुलीनं आपण होऊन शोधलं होतं, आणि मी सांगितलं असतं तर याहून लांबण लावलं असतं. मग खुपतंय काय? एकही पोर उठून आरशासमोर गेलं नाही, हे खुपतंय. प्रश्न आला, उत्तर आलं, आणि दोघांची गाठ पडायच्या आत दोघंही निघून गेले.

आणि आपण काय केलं होतं, आठव. तू म्हणालीस, माणसाचे डोळे आडव्या रेषेत आहेत म्हणून. मी म्हटलं, मग एक डोळा मिटून बघ. मिटलास, काही फरक पडला नाही, तरी तू म्हणालीस की मिटलेला डोळासुद्धा आडव्या रेषेतच आहे! त्याच क्षणी तुझं नाव पडलं. मग मी होस्टेलच्या व्हरांड्यातल्या त्या एकुलत्या एक आरशासमोर बाकावर कुशीवर आडवी झाले, मागे अंघोळ करून आलेल्या मुलींची रांग, रेक्टरबाईंचा तो आवाज, मावशींची बादली. तू माझ्याशी बोलणं टाकलंस आणि लंबूमार्फत चिठ्ठ्या पाठवू लागलीस. चिठ्ठ्यांत आकृत्या! भांडण चालू असताना इतकं व्यवस्थित किरणरेखाटन मी पुन्हा कुणाचं पाहिलं नाही.

शेवटी सरांकडे गेलो. त्यांनी काय सांगितलं? काहीही नाही. टाकून दिलेली एक ट्रान्सपरन्सी हातात दिली आणि म्हणाले, यावर नाव लिहा नि आरशासमोर धरा. धरली, आणि आरशातलं नाव सरळ! साधा कागद असता तर अक्षरं आरशाला दाखवायला आपण तो फिरवला असता. पारदर्शक कागद फिरवावाच लागला नाही. उलटवणारे आपणच निघालो. तू मात्र तेव्हाही "हा कागदाचा पुरावा आहे, माणसाचा नाही" म्हणालीस. अजून कबूल केलेलं नाहीस, याची नोंद आहे.

त्या दिवसांतला व्हरांडासुद्धा मला पाठ आहे, आणि त्याच वर्षीच्या निकालाचा दिवस अजिबात आठवत नाही. याला मी आजवर म्हातारपण म्हणत होते. पण २०१४ साली ग्रुबर आणि मंडळींनी कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठात एक प्रयोग केला. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारायचे, उत्तराची किती उत्सुकता आहे ते नोंदवून घ्यायचं, आणि उत्तर यायच्या आधीच्या काही सेकंदांत मध्येच एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा दाखवायचा. ज्या प्रश्नाची उत्सुकता जास्त, त्याचं उत्तर जास्त लक्षात राहिलं, यात नवल नाही. पण त्या वाट बघण्यात दिसलेला, प्रश्नाशी काही संबंध नसलेला चेहराही जास्त लक्षात राहिला. दुसऱ्या दिवशी विचारलं तरीही. वाचलं आणि मला मावशींची बादली दिसली. काही सेकंदांच्या प्रयोगावरून आपल्या त्या एवढ्या लांबलेल्या भांडणाचा निवाडा करता येत नाही, हे मला कळतं. तुझा आक्षेप आधीच लिहून ठेवते, म्हणजे तुझा कागद वाचेल.

पण मग या पोरांना मी काय देते? वाट बघायची जागाच उरली नाही, तर तिच्यात काही चिकटणार कुठे?

थांब, दुसरी बाजूही आहे, आणि ती तूच मांडशील म्हणून मीच मांडते. आपल्याला सर भेटले हे नशीब. "नसते प्रश्न विचारू नका" म्हणणाऱ्या बाई आपल्याला त्याआधी भेटल्याच होत्या की. तुझ्या त्या ऋण गुणिले ऋणवर त्यांनी तुला उभं केलं होतं. आपल्या पिढीचे बहुतेक प्रश्न उत्तराची वाट बघत नव्हते, नुसतेच मरत होते. त्या मानानं या मुलीला रात्री झोपायच्या आत बरोबर उत्तर मिळालं. मी आमच्या त्या वाट बघण्याला उगाच सोन्याचा मुलामा देतेय का? गरिबीतले दिवस छान होते म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, आणि मी तेच करतेय की काय, अशी शंका येते.

आता ऐक, पुढे काय झालं. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याला आजवर मी "पाय खाली" याखेरीज काही म्हटलं नव्हतं, तो तास संपल्यावर आला. "बाई, आरसा डावं-उजवं उलटवत नाही म्हणता, मग अँब्युलन्सवर अक्षरं उलटी का लिहितात?"

वकीलबाई, मी त्याला मिठीच मारायची बाकी ठेवली होती. त्या सुवाच्य उत्तराला लागलेला तो पहिला सुरुंग होता, आणि तो लावणारा पोरगा उत्तर ऐकून गप्प बसलेल्यांपैकी नव्हता, त्याला ते पटलंच नव्हतं. मी त्याला उत्तर दिलं नाही. ट्रान्सपरन्सी आता सहज मिळत नाहीत, म्हणून वहीच्या कव्हराचं प्लास्टिक दिलं, आणि सांगितलं की गाडी चालवणारा मान वळवून मागे बघतो तेव्हा काय बघतो आणि आरशात बघतो तेव्हा काय, ते करून बघ. तेव्हापासून वर्ग फुटलाय. खिडकीजवळची मुलगी आणि तो असे दोन पक्ष आहेत, मधल्या सुट्टीत मुलींच्या प्रसाधनगृहाबाहेर प्लास्टिक घेऊन मुलं उभी असतात, त्याची वेगळी तक्रार माझ्याकडे आली. तिनं आपलं उत्तर वाचवण्यासाठी पहिल्यांदा स्वतः आरशासमोर उभं राहून हात वर केला. एका पालकांनी विचारलं, "तुम्ही उत्तर का देत नाही? पोर्शन मागे आहे." पोर्शन मागे आहेच.

तर माझी चिंता ही. जे उत्तर प्रत्येकाच्या घरी फोनमध्ये आहे, ते मी दाबून ठेवणं हे शिकवणं आहे की छळ? सरांना ते शोभलं, कारण तेव्हा उत्तर त्यांच्याचकडे होतं. माझ्याकडे राखून ठेवण्यासारखं काही नाही, मी फक्त नाटक करते. आणि खरं सांगू, हे मी मुलांसाठी करतेय की मला पुन्हा एकदा तो व्हरांडा हवाय म्हणून, हे मला सांगता येत नाही. भांडण रंगलं की मी दाराशी उभी राहून ऐकते, आणि पुढचा तास सुरू झालेला मला कळत नाही.

एक मात्र पक्कं झालंय. उत्तर बंद करून ठेवायचं नाही, ते वाचून झाल्यावर त्याला अडेल असं काहीतरी पुढे करायचं. या प्रश्नात तसा माल खूप आहे. कांटसारखा तत्त्वज्ञ १७८३ सालच्या पुस्तकात आपल्या हातापाशी आणि आरशातल्या हातापाशी अडला होता. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात का जात नाही, एवढीच अडचण. आणि निसर्ग आरशातल्या जगाशी तंतोतंत जुळत नाही, हे चिएन-शिउंग वू या शास्त्रज्ञ बाईंनी किरणोत्सारी कोबाल्ट-६० घेऊन १९५७च्या सुरुवातीला प्रयोगानं दाखवलं, तर त्या वर्षीचं नोबेल तो तर्क कागदावर मांडणाऱ्या ली आणि यांगना! त्यावरून तू कँटीनमध्ये जे भाषण ठोकलं होतंस, ते मी वर्गात माझं म्हणून खपवणार आहे.

तुझ्याकडचं: आईंचं ऑपरेशन नीट झालं ना? लेकीनं फिजिक्स सोडलं हे कळलं, तिला रागावू नकोस, तू तरी कुठे धरून ठेवलंस. बदलीचं काय ठरलं ते कळव. सुट्टीत येशील तेव्हा एक तास माझ्या वर्गात ये आणि तो आडव्या डोळ्यांचा सिद्धांत मांड. मी मध्ये पडणार नाही. पोरं तुझा फडशा पाडतील.

तुझी,
विरुद्ध पक्ष

ता. क. दोन सपाट आरसे पुस्तकासारखे काटकोनात उघडून ठेव, जोड उभा, आणि जोडावरच नजर ठेवून उजवा हात वर कर. मग सगळी जोडणी फिरवून जोड आडवा कर आणि पुन्हा बघ. का ते मी सांगणार नाही. फोनला हात लावलास तर मला कळेल.