ताई, तुम्ही मला हळू पळायला लावलंत त्याबद्दल

ताई, नमस्कार.

समोर भेटल्यावर हे बोलायला गेलो तर तुम्ही "पुरे रे, चल दोन राउंड मारू" म्हणून विषय बदलणार हे माहितीये, म्हणून लिहूनच काढतोय. आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण मी जानेवारीत जिथे अडकलो होतो तिथे आत्ता अजून कितीतरी जण अडकलेले असतील.

जानेवारीत मी रोज 5 किमी पळायचो, एकही सुट्टी नाही, आणि रोज कालच्यापेक्षा पाच-दहा सेकंद तरी कमी आलेच पाहिजेत असा हट्ट. 33 मिनिटांवर येऊन टायमिंग जे थांबलं ते हलेचना. मला वाटायचं आपण जोर लावण्यात कमी पडतोय. फेब्रुवारीच्या शेवटी डावी नडगी दुखायला लागली तरी पट्टी बांधून पळतच होतो.

त्या सकाळी तुम्ही ट्रॅकच्या कडेला स्ट्रेचिंग करत होतात. ओळख ना पाळख, तरी मला लंगडताना बघून थांबवलंत, खाली बसलात आणि नडगीच्या आतल्या कडेने अंगठा वरून खाली दाबत नेलात. "सगळीकडे दुखतंय का एकाच जागी, बोटाएवढं?" मी म्हटलं इथेच, एकाच जागी. तुम्ही लगेच अंगठा काढून घेतलात. दुखणं लांबवर पसरलेलं असलं तर बहुतेक शिन स्प्लिंट्स (जास्त पळण्याने होणारी नडगीची दुखी) असतात, पण एका ठिपक्यावरच कळ येत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, आजच डॉक्टरला दाखव आणि तोपर्यंत एक पाऊलही पळू नकोस, असं बजावलंत. डॉक्टरांनी सांगितलं की चीर पडलेली नाही पण हाडावर ताण आलाय, असंच चालू ठेवलं असतंत तर पडली असती. पाच आठवडे पळणं बंद. ताई, तुम्ही त्या दिवशी नुसतं बघून पुढे गेला असतात तर माझं हे वर्ष मार्चमध्येच संपलं असतं. हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये.

पण खरे आभार मानायचेत ते एप्रिलमधल्या त्या रनचे. चाल-पळ करून (एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं) पाय जरा सावरल्यावर तुम्ही पहिल्यांदा माझ्या बरोबर पळालात. सुरू करायच्या आधी माझं घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवलंत आणि म्हणालात, "आता बोलत राहा, काल दिवसभर काय काय केलंस ते सगळं सांग." मी सांगायला लागलो. वाक्य पुरं व्हायच्या आत मला दम लागला की तुम्ही काही न बोलता वेग कमी करायचात. परत बोलणं सुरळीत झालं की तोच वेग धरायचात. संपल्यावर घड्याळ बघितलं तर पेस किलोमीटरला 8 मिनिटं 10 सेकंद. मला वाईट वाटलं होतं, आज सांगतो, घरी जाईपर्यंत तेच डोक्यात होतं की आपण चालणाऱ्यांच्या जवळपास आलो.

मग तुम्ही न्यूझीलंडचे रनिंग कोच आर्थर लिडियार्ड यांच्याबद्दल सांगितलंत. त्यांचा शिष्य पीटर स्नेल 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये 800 मीटरचं सोनं जिंकला, म्हणजे दोन मिनिटंही न लागणारी रेस, आणि तो तयारीत रविवारी डोंगरातून जवळजवळ 35 किमी पळायचा! हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सावकाश पळताना हृदयाची एका ठोक्यात रक्त ढकलायची ताकद वाढते, स्नायूंमध्ये बारीक रक्तवाहिन्या वाढतात, आणि हाडं नि टेंडन्स (स्नायू हाडाला जोडणारे दोर) यांना दम आणि स्नायूंपेक्षा तयार व्हायला जास्त वेळ लागतो, तो त्यांना मिळतो. माझा दम पुढे गेला होता आणि नडगी मागे राहिली होती, एवढीच भानगड होती.

त्यानंतर आठवड्यात चार रन, त्यातले तीन बोलता येईल असे आणि एकच जोरात. ऑगस्टमध्ये 10 किमी 1 तास 2 मिनिटांत. वर्षाचे एकूण 1,034 किमी झाले. पण मला सगळ्यात आवडलेला आकडा वेगळाच आहे: एप्रिलमध्ये 140 च्या हार्ट रेटला 8:10 चा पेस होता, आता त्याच 140 ला 7:10 येतो. तेच हृदय, तेवढेच ठोके आणि किलोमीटरमागे एक मिनिट कमी, मला तर हे अजूनही खरं वाटत नाही.

डिसेंबरची हाफ मॅरेथॉन (21.1 किमी) तर तुम्ही बघितलीच. स्टार्टच्या आधी माझ्या बुटाची लेस सोडून सगळ्यात वरच्या भोकातून लूप काढून परत बांधलीत, टाच हलू नये म्हणून, आणि "पहिले 10 किमी लोकांना पुढे जाऊ दे" एवढंच म्हणालात. खूप लोक पुढे गेले. मी 10 किमी बरोबर 1 तास 5 मिनिटांत धरले आणि 14 नंतर तेच लोक एकेक करून मागे पडायला लागले. 2 तास 14 मिनिटं 38 सेकंद, आणि शेवटचे 11 किमी पहिल्यापेक्षा फास्ट. नडगी एकदाही बोलली नाही.

आता पुढचं वर्ष. हाफ 2 तास 5 मिनिटांच्या आत (म्हणजे 5:55 चा पेस), 10 किमी 58 मिनिटांच्या आत. दोन तासांच्या आत हाफ करायचीये खरी, पण त्याला 5:41 चा पेस लागतो आणि तो माझा आज 5 किमीलाही जेमतेम टिकतो, त्यामुळे ते त्याच्या पुढच्या वर्षी. फुल मॅरेथॉनचं (42.195 किमी) नाव सध्या काढत नाही, तुम्ही म्हणालात तसं आधी एक अख्खं वर्ष दुखापतीशिवाय जाऊ दे. आठवड्यातून दोनदा स्ट्रेंथचा व्यायाम मात्र चुकवणार नाही, काफ रेझेस (टाचा उचलणं) आणि एका पायावरचे स्क्वॉट्स, हे मी या वर्षी टाळलं आणि ते चूक होतं.

प्लॅन तुम्हाला पाठवलाय. मार्चपासून आठवड्याला एक टेम्पो रन (जोरात पण एकसारख्या वेगाने) टाकलाय, 20 मिनिटांचा, आणि लाँग रन (आठवड्यातला सगळ्यात लांबचा) दर चौथ्या आठवड्याला कमी केलाय. टेम्पो लवकर वाटत असेल तर सांगा, एप्रिलमध्ये ढकलतो.