टर्फ टाकायच्या आधी खेळ ठरवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

हल्ली जिकडे तिकडे मैदानावर टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकायचं चाललंय, आमच्या कोल्हापुरातही तशी मागणी होते, आणि पोरांना बारमाही खेळायला मिळणार असेल तर चांगलंच आहे. पण चर्चा ऐकली की दोनच गोष्टी कानावर येतात, गवत किती एमएमचं आणि स्क्वेअर फुटाला रेट काय. कुठला खेळ होणार हे कोण विचारतच नाही, मल्टिस्पोर्ट, म्हणजे सगळ्या खेळांना चालणारं, टाका म्हणजे झालं.

तसं नसतं हो ते. हॉकीचं टर्फ आखूड आणि दाट, साधारण १२ एमएम, त्यात रबर भरत नाहीत, मोठ्या मॅचला वरून पाणी मारतात म्हणजे बॉल सरळ आणि जोरात पळतो. फुटबॉलला ४० ते ६० एमएमचं पातं, त्यात खाली वाळू आणि वर रबराचे काळे दाणे, ते नसले तर पातं आडवं पडतं आणि बुटाखालचे स्टड धरत नाहीत. १९७५ ला क्वालालंपूरला गवतावर वर्ल्डकप जिंकलेली आपली हॉकी टीम १९७६ ला मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमधे कृत्रिम टर्फवर सातवी आली, सरफेसचा फरक एवढा पडतो.

आणि स्वस्तातलं टर्फ म्हणजे काय ते बॉक्स क्रिकेटच्या जागांवर जाऊन बघा. खाली सरळ काँक्रीट, धक्का झेलणारा मऊ थर म्हणजे शॉकपॅड नाही, पॉलिप्रॉपिलीनचं खरखरीत पातं, पोरगं स्लाइड मारून उठलं की गुडघ्याची सालटी निघालेली असतात. पॉलिथिलीनचं पातं मऊ असतं, महाग पडतं, पण लहान मुलांच्या मैदानाला तेच पाहिजे.

आपल्याकडचा पाऊस तर कोणी हिशोबातच धरत नाही. खडीचा बेस नीट दाबलेला नसला, उतार आणि ड्रेनेज नसलं की पाणी साचतं, जोड उखडतात आणि दाणे वाहून गटारात जातात. युरोपियन युनियनने २०२३ मधे नियम केलाय, २०३१ नंतर असे प्लॅस्टिक-रबराचे दाणे विकायला बंदी, मग आपण आत्ता कॉर्कच्या, म्हणजे बुचाच्या सालीच्या दाण्यांचा तरी विचार करायला नको का. एप्रिल-मेच्या दुपारी काळं रबर इतकं तापतं की पाय ठेववत नाही, तिथेही कॉर्क बरं.

माझी मागणी एवढीच की टेंडरमधे खेळाचं नाव लिहा, शॉकपॅड आणि ड्रेनेज लिहा, फुटबॉलचं असेल तर टाकून झाल्यावर फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेची फिफा क्वालिटीची टेस्ट करून घ्या, आणि ब्रशिंगला, गोलसमोरचे कमी झालेले दाणे परत भरायला दरवर्षी पैसे ठेवा. वर्क ऑर्डर निघायच्या आधी इथल्या फुटबॉल टीम चालवणाऱ्या तालीम मंडळांच्या कोच लोकांना बोलवून तो टेंडरचा कागद एकदा वाचायला द्या.

एक फुटबॉलप्रेमी पालक, कोल्हापूर